रागावण्याची वार्षिक वर्गणी

त्या सोमवारी दादाने नोकरीचा राजीनामा दिला. मंगळवारी त्याने आमचा प्रोग्रॅम सोर्स कोडसकट अकरा सीडींवर उतरवला. बुधवारी तो स्कूटरवरून पुण्यातल्या अकरा विवाह मंडळांत गेला आणि सीड्या वाटून आला. पैसे घेतले नाहीत.

मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहत होतो, दोघंही बिनलग्नाचे, आणि आमचा प्रोग्रॅम होता लग्नं जुळवण्याचा. यातली गंमत आमच्या लक्षात यायच्या आधी अकराच्या अकरा मंडळांच्या लक्षात आली होती.

प्रोग्रॅमची सुरुवात शनिवार पेठेत झाली. मावशीच्या आग्रहाखातर मी एकदा तिथल्या एका विवाह मंडळात नाव नोंदवायला गेले होते. मंडळ चालवणाऱ्या बाई साठीच्या होत्या. त्यांच्याकडे मुलामुलींची कार्डं साड्यांच्या खोक्यांत रचलेली होती, आणि ती आडनावाने नव्हे, शिक्षणाने नव्हे, तर उंचीने लावलेली होती. मी न राहवून कारण विचारलं.

"बाकी सगळं जुळवून घेतात हो माणसं," बाई म्हणाल्या, "पण जन्मभर मान वर करून बोलायचं म्हणजे दुखते."

घरी आल्यावर दादाने विचारलं, कोणी मुलगा दाखवला का. मी अर्धा तास त्याला खोक्यांची मांडणी समजावून सांगत होते. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हे लिहायला मजा येईल."

पुढचं वर्षभर आम्ही रविवारी तेच केलं. माहिती कशी लावायची ते मी ठरवायचे आणि कोड तो लिहायचा. ग्रंथालयाची सवय माझ्या हाडात मुरलेली होती. दोन घरांची बोलणी सुरू झाली की ती दोन्ही नावं बाजूला ठेवायची, इतरांना सुचवायची नाहीत, हे बाईंनी सांगितलेलं. मी त्यात भर घातली : पंधरा दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर नावं आपोआप परत फडताळात. पुस्तकांना हाच नियम होता आणि तो मला माणसांनाही योग्य वाटला. चाचणीसाठी काहीतरी नोंदी हव्या होत्या म्हणून दादाने आमच्याच दोघांच्या भरल्या. नमुना एक : वय त्रेचाळीस, उंची पाच फूट सहा इंच, आवड वाचन. नमुना दोन : वय अडतीस, उंची पाच फूट एक इंच, आवड वाचन. नावं घातली नाहीत. संगणकाने त्याच्यासाठी एकही स्थळ सुचवलं नाही, आणि प्रोग्रॅम बरोबर चालतोय अशी आमची खात्री पटली.

हा प्रोग्रॅम फुकट का वाटायचा, हे दादाने मला एकदा पोळ्या लाटताना सांगितलं होतं. लाटत होता तो, भाजत होते मी. कंपनीत पाच वर्षं त्याने जे लिहिलं ते कुलपात होतं. ते घरी आणता येत नव्हतं, मला दाखवता येत नव्हतं, कंपनी सोडली तर पुन्हा बघताही येणार नव्हतं. "तू अशा ग्रंथालयात काम करशील का, जिथे एकही पुस्तक उघडायला परवानगी नाही?" त्याने विचारलं. ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वाचता येईल असा उघडा कोड, हा शब्द तेव्हा आमच्या घरात नवा होता.

"पण खायचं काय?" मी विचारलं.

"सत्यनारायणाची पोथी कुठेही मिळते की नाही? रस्त्यावर मिळते. छापील, अर्थासकट. तरी माणसं गुरुजींना बोलावतातच ना? पोथी फुकट, दक्षिणा गुरुजींची. आपण गुरुजी व्हायचं."

म्हणजे प्रोग्रॅम फुकट, आणि अडलं की मदत करायची वार्षिक वर्गणी. पहिल्या पडद्यावर त्याने चार ओळी घातल्या : हा प्रोग्रॅम कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा. बदल केल्यास ते आम्हालाही द्यावेत. या ओळी काढू नयेत. चौथ्या ओळीत आमच्या घरचा फोन नंबर.

त्याच्या साहेबांना हे सगळं पाणपोईसारखं वाटलं. "पुढच्या पाडव्यापर्यंत तुमची खुर्ची मोकळी ठेवतो," ते म्हणाले. "तहानलेले आले नाहीत तर परत या. लाजू नका." साहेब मनाने चांगले होते, म्हणून ते वाक्य जास्त लागलं. आम्ही घरात ठरवलं की पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत दहा मंडळांनी वर्गणी भरली तर दादा गुरुजी. नऊ झाली तरी परत कुलपात.

आता माझा अपराध सांगते. प्रोग्रॅमबरोबर एक माहितीपुस्तक द्यायचं होतं आणि ते मी लिहिलं. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नसेल. चाळीस पानं. एका पानावर एकच काम. संगणकाला कधी हात न लावलेल्या शेजारच्या आजोबांना मी ते वाचायला देऊन समोर बसायचे, आणि ते जिथे थांबतील तिथलं वाक्य बदलायचे. दोन महिन्यांनी ते कुठेच थांबेनात. त्यांनी पहिल्या पानापासून चाळिसाव्यापर्यंत सगळं न विचारता केलं, आणि नंतर ते आपल्या नातीचं नाव नोंदवून मोकळे झाले. ती पाचवीत होती.

सीड्या वाटल्यावर दादा फोनजवळ खुर्ची टाकून बसला. फोन वाजला नाही. दसरा झाला, दिवाळी झाली. एकदा वाजला तेव्हा आम्ही दोघंही धावलो, टीपॉय पडला, आणि पलीकडच्याला गॅस सिलिंडर हवा होता. दादाने त्यालाही पाच मिनिटं मदत केली.

शेवटी तो शनिवार पेठेत जाऊन आला. परत आला तो दारातच बसला आणि हसायला लागला. बूट न काढता, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या, फारच छान चाललंय. काही अडतच नाही. अडलं की पुस्तक उघडतो, त्यात असतंच. कोणी हो लिहिलंय पुस्तक? त्यांना सांगा, असं मराठी हल्ली वाचायला मिळत नाही." त्याने डोळे पुसले. "अगं, तू पोथी इतकी सोपी लिहिलीस की यजमान स्वतःच पूजा करून मोकळे होतायत. आपण तुझ्यामुळे बुडालो!"

मला अपराधी वाटायला हवं होतं. पण मी विचारलं, "असं मराठी म्हणजे नक्की काय म्हणाल्या?" आणि मग आम्ही दोघंही दारात बसून हसलो. मजल्यावरच्या काकू डोकावून गेल्या. त्यांना वाटलं, कोणाचं तरी लग्न ठरलं.

पुस्तक थोडं बिघडवून पाहावं असाही विचार झाला. धंदा म्हणून तो बरोबरच होता. एका रविवारी मी लाल पेन घेऊन बसले. एक वाक्य बिघडवलं. दुसऱ्याला हात लागेना. संध्याकाळी पहिलंही दुरुस्त करून ठेवलं. दादा म्हणाला, "राहू दे. वाईट लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या पोटावर कशाला पाय?"

पौषात एका दुपारी फोन वाजला. आवाज सावकाश, बोलणं अदबीचं.

"आपण रागावणार नसाल तर एक सांगायचं होतं. आम्ही आपला प्रोग्रॅम थोडा मोडला आहे."

हे गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले. नदीपलीकडे बौद्ध कुटुंबांसाठी एक विवाह मंडळ ते चालवत, आणि आमच्या अकरा सीड्यांपैकी एक त्यांच्याकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले, एक सीडी आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. त्यांची मुलगी एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने आमच्या प्रोग्रॅममधून रास, नक्षत्र, नाडी, गण, मंगळ आणि गोत्र हे सगळं काढून टाकलं होतं. दादाने तीन महिने घाम गाळून लिहिलेला भाग होता तो.

"अटीत लिहिलं आहे, बदल परत द्यावेत. म्हणून आणले," ते म्हणाले.

दादाने सीडी लावली आणि पडद्यावर वाचत गेला. मी त्याचं तोंड बघत होते. मुलीने नुसतं काढलं नव्हतं. जागोजागी कोडच्या बाजूला टिपा लिहिल्या होत्या. इथे हे दोनदा का मोजलं आहे? ही चाळीस ओळींची गोष्ट चार ओळींत होते, पाहा. एका ठिकाणी लिहिलं होतं : वय साठवू नये, वय बदलतं. जन्मतारीख साठवावी.

दादाने ती टीप तीनदा वाचली. "हिने वाचलंय," तो म्हणाला. "अगं, कोणीतरी वाचलंय." तो उठून गॅलरीत गेला, परत आला, पुन्हा गेला. पाच वर्षं कुलपात लिहिणाऱ्या माणसाला पहिला वाचक मिळाला होता आणि त्याला बसवत नव्हतं. त्याच आठवड्यात त्याने सगळीकडचं वय काढून जन्मतारीख घातली. आमच्या दोन नमुना नोंदी मात्र तशाच राहिल्या. त्या त्याच्या लक्षातच आल्या नाहीत.

पुढे हे शनिवार पेठेतल्या बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "पत्रिकाच काढून टाकली? मग ते जुळवतात काय?"

"माणसं," दादा म्हणाला.

बाईंनी चष्मा पुन्हा घातला. "उंची ठेवलीय ना?"

"ठेवलीय."

"मग ठीक आहे."

पण पेढे आले त्या दिवशी खरी गोष्ट घडली ती चहाच्या वेळी. पोस्टातल्या गृहस्थांनी विचारलं, वर्गणी कुठे भरायची. दादा प्रामाणिक होता, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने वेडा. तो म्हणाला, "पण तुम्हाला आमची गरजच काय? पुस्तक आहे, कोड आहे, मुलगी घरातली."

"साहेब, चौतीस वर्षं मी काउंटरच्या आत बसलो," गृहस्थ म्हणाले. "पत्र हरवायचं दिल्लीत, बोलणी खायचो मी. माणसाला बोलायला समोर माणूस लागतो. आता मुलामुलींचे आईबाप मला बोलतात. मी कोणाला बोलायचं? मुलीला बोललो तर जेवायला मिळणार नाही."

दादा हातातला कप तसाच धरून बसला. ते गेल्यावर म्हणाला, "आपण चुकीची वस्तू विकत होतो. मदत कोणालाच नकोय. रागवायला माणूस हवाय."

मग त्याने नवं पत्रक केलं. त्यात एवढंच होतं : वर्गणीदारास वर्षभर, सकाळी आठ ते रात्री आठ, फोन करून रागावता येईल. चूक कोणाचीही असो. फोन माणूस उचलेल.

शनिवार पेठेतल्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं. "म्हणजे आजवर मी तुम्हाला फुकट बोलत होते?"

"आजवर तुम्ही बोललाच नाहीत, काकू."

"मनात पुष्कळ होतं," बाई म्हणाल्या, आणि पावती मागितली.

त्यानंतर आमचं घर गजबजून गेलं. बाईंचा फोन सकाळी आठ वाजून एक मिनिटाने यायचा. "अहो, तुमच्या संगणकाने सहाफुटी मुलाला पाचफुटी मुलगी काढली!" दादा सांगायचा, "काकू, उंचीची अट तुम्हीच काल बंद केलीत." "मी केली? मग तुम्ही करू का दिलीत?" दादा म्हणायचा, "चुकलं." बाई म्हणायच्या, "ठीक आहे," आणि आनंदाने फोन ठेवायच्या. दादाही आनंदाने ठेवायचा. मी ग्रंथालयातून आले की तो दिवसभराची बोलणी मला नकलांसकट ऐकवायचा आणि आमचा वरणभात गार व्हायचा.

फाल्गुन संपत आला तेव्हा नऊ मंडळं झाली होती. उरलेल्या दोघांनी साफ नाही म्हटलं. एक म्हणाले, "आम्हाला फुकट रागवायची सवय आहे." दुसरे म्हणाले, "आम्ही रागवत नाही," आणि हे इतक्या रागाने म्हणाले की दादाने पुन्हा विचारलं नाही. पाडवा चार दिवसांवर होता. साहेबांचा फोन आला. त्यांनी चौकशी केली, आकडा विचारला नाही. म्हणाले, "मंगळवारी येताय असं धरू का?" दादा म्हणाला, "धरा." त्या रात्री त्याने नकला केल्या नाहीत. इस्त्रीची पेटी काढून कंपनीत जायचे दोन शर्ट इस्त्री केले आणि दाराच्या खुंटीला लावले.

पाडव्याच्या आदल्या सकाळी फोन वाजला. आठही वाजले नव्हते. मी उचलला आणि कानापासून लांब धरला.

"आवो, पोरीचा साखरपुडा झालाय, अन् तुमचा कंपुटर तिलाच दुसरं स्थळ काढतोय! त्ये बी कुणाचं? नवऱ्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं! अन् यादी कुठं गेली? नवऱ्याच्याच घरी! त्यांनी काय समजायचं?"

मी दादाकडे पाहिलं. त्याने हात पुसत फोन घेतला, ऐकलं, आणि हळूहळू त्याचं तोंड उजळत गेलं. हाताने फोन झाकून तो मला म्हणाला, "रागावतोय! आणि अकरातला नाही!"

तासाभरात आम्ही दोघं मार्केट यार्डात होतो. मी त्या दिवशी रजा टाकली. कांद्याच्या ट्रकांच्या मागे, ट्रान्सपोर्टच्या एका कार्यालयात, माल वाहणाऱ्यांच्या आणि गाडीवाल्यांच्या घरांसाठी हे गृहस्थ हौसेने लग्नं जुळवत. संगणक घेतला तेव्हा दुकानदाराने आमचा प्रोग्रॅम भेट म्हणून आत घालून दिला होता. पुस्तक अर्थातच दिलं नव्हतं. आमच्या चार ओळी आणि नंबर मात्र पहिल्या पडद्यावर जागच्या जागी होते.

दादा खुर्चीत बसला, दोन मिनिटांत मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसला. मला कळलं. माझे पंधरा दिवस. साखरपुडा झाला तरी गृहस्थांनी ते नाव 'बोलणी चालू' मध्येच ठेवलं होतं. "अक्षता पडल्याबिगर ठरलं कसं म्हणायचं?" हे त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. सोळाव्या दिवशी माझ्या नियमाने मुलगी मुदत संपलेल्या पुस्तकासारखी परत फडताळात गेली, आणि नवीन यादी छापून निघाली. शहरातली अकरा मंडळं या नियमाला कधीच अडली नव्हती, कारण माझ्या पुस्तकाच्या नवव्या पानावर लिहिलं होतं, दर पंधरा दिवसांनी नूतनीकरण करावे. पुण्यातली माणसं नऊ महिने इमानेइतबारे साखरपुडा झालेल्या मुलींचं नूतनीकरण करत होती. नियम मूर्खपणाचा आहे असं एकालाही वाटलं नाही. छापलेलं होतं ना.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

गृहस्थांनी मला आपादमस्तक पाहिलं. "तुमी केलं व्हय हे? अन् सांगताय बी?" मग दादाकडे वळले. "दुरुस्त करा. फुकट घेतलं म्हणून फुकट बिघडू द्यायचं का?"

दादाने तिथेच नियम काढला. मी पिशवीतून पुस्तक काढून पुढे केलं. त्यांनी हात जोडले. "पुस्तक नको, ताई. वाचायला येळ हाय कुणाला? माणूस पायजे. फोन केला तर उचलनार का?"

"आठ ते आठ," दादा म्हणाला. "आणि रागावता येईल."

"त्ये तर मी आत्ताच केलं की! त्याचं काय?"

"ते वर्गणीत धरू."

परतताना दादाने स्कूटर रस्त्याकडेला लावली, कारण त्याला हसताना चालवता येत नव्हती. "तुझ्या पुस्तकाने आपल्याला बुडवलं," तो म्हणाला, "आणि तुझ्या चुकीने काढलं. तू आता काहीही करू नकोस, नुसती बस." आम्ही कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो, दोन दोन ग्लास. घरून त्याने साहेबांना फोन केला. "साहेब, खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी द्या." साहेब म्हणाले, "छान झालं," आणि नंतर विचारलं, "ती वर्गणी आम्हालाही मिळेल का? मला कोणाला तरी बोलायचंय." पाडव्याला खुंटीवरचा एक शर्ट दादाने गुढी उभारताना घातला. दुसरा मी घडी करून ठेवला.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. लग्नं जुळवणाऱ्या वेबसाइट आल्या, त्यांच्या जाहिराती आल्या, निम्मी मंडळं बंद पडली. दादाचा प्रोग्रॅम मात्र जिथे आम्ही कधी गेलो नाही तिथे पोचत राहिला. कोणी त्यातून जात काढून टाकली, कोणी हुंड्याची ताकीद घातली, कोणी विधुर-विधवांसाठी वेगळा केला. त्या चार ओळी कोणी काढल्या नाहीत. दादा श्रीमंत झाला नाही आणि कुलपात गेला नाही. मी निवृत्त झाले तेव्हा तो म्हणाला, आता दुपारचे फोन तू घे. मी ते हसण्यावारी नेलं. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही.

मागच्या मार्गशीर्षात तो गेला. दहा दिवस दवाखान्यात होता, त्यातले आठ दिवस फोन उशाशी होता. तेराव्याला शनिवार पेठेतल्या बाई आल्या. नव्वदीच्या पुढे गेलेल्या, नातसुनेचा हात धरून. फोनजवळच्या दादाच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझी वर्गणी मार्चपर्यंत भरलेली आहे. आता मी कोणाला बोलू?"

"मला बोला," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं बोलणार? पुस्तक तुम्ही लिहिलंय."

पण दुसऱ्या दिवशी आठ वाजून एक मिनिटाने फोन आला, आणि त्या बोलल्या.

कोड आता पोस्टातल्या गृहस्थांच्या मुलीकडे आहे. ती दूर देशात असते आणि तिथून दुरुस्त्या करते. तिने मला विचारलं होतं, नमुन्याच्या दोन नोंदींत अजून वय आहे, जन्मतारीख घालू का. मी नको म्हटलं. परवा विदर्भातून एका बाईंचा फोन आला. त्या वर्गणीदार नव्हत्या, तरी रागावल्या. म्हणाल्या, तो नमुना एकमधला मुलगा कोणालाच कसा जुळत नाही, इतका चांगला दिसतोय कागदावर. मी म्हणाले, चुकलं.

प्रत्येक नव्या प्रतीत पहिली नोंद त्याची आहे. वय त्रेचाळीस, उंची पाच फूट सहा इंच, आवड वाचन. फोन मी उचलते, आठ ते आठ.